धाकट्याचा हातमाग आणि अठरानंतरची रिकामी दुपार

आडवा_धागा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत तो विशेष शाळेत जात होता. मग शाळेने निरोप समारंभ केला, सगळ्यांसोबत फोटो काढला, हातात तुळशीचं रोप दिलं आणि संपलं. पुढच्या जूनमध्ये तो रोज सकाळी दप्तर पाठीला लावून दाराशी उभा राहायचा. आई त्याला हळूच आत आणायची. असं तीनेक आठवडे चाललं, मग त्याने दप्तर घेणं सोडलं.

त्यानंतरची सहा वर्षं म्हणजे टीव्ही, जेवण, दुपारची झोप आणि पुन्हा टीव्ही. वजन वाढलं, बोलणं आटलं. 'हो', 'नको', 'भूक' एवढ्यावर दिवस निघायचा. पाहुणे म्हणायचे, किती शांत मुलगा आहे हो! आम्हीही तेच मानून चाललो होतो. आज कळतं, की ज्याचं उत्तर त्याच्याकडून हवंय असं काही आम्ही त्याला विचारतच नव्हतो. चहा, कपडे, चॅनेल, सगळं आधीच ठरलेलं.

मग एका केंद्रात घातलं. भेटकार्डं, रंगवलेल्या पणत्या, दिवाळीआधी प्रदर्शन. त्याला घराबाहेर पडायला मिळतंय याचाच आम्हाला आनंद होता. प्रदर्शनात त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेलं चित्र बघितलं: सूर्यास्त, नारळाची झाडं, झोपडी, पाण्यातलं प्रतिबिंब. मी चकित झाले. तिथल्या बाईंना विचारलं तर त्या अगदी सहज म्हणाल्या, "थोडं फिनिशिंग आम्ही करतो, नाहीतर घेणार कोण?" त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, विक्री झाली नाही तर भाडं कुठून द्यायचं हा त्यांचा प्रश्न खराच होता. पण माझा भाऊ दिवसभर त्या चित्राकडे पाठ करून उभा होता. लोक खांद्यावर थाप मारून "वा, मस्त काढलंस" म्हणत आणि तो जमिनीकडे बघे. त्याला सगळं कळत होतं.

मला आज जे सांगायचंय ते हेच. हात धरून काढून घेतलेलं चित्र त्याचं नसतं, आणि हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं. कौतुकाने त्याला काही मिळालं नाही, उलट तो आणखी आक्रसला.

आता जिथे जातो ती जागा म्हणजे एक खोली, चार हातमाग आणि बारा जण. शिकवणाऱ्या ताईंचं माहेर सोलापूरचं, माग बघतच वाढलेल्या. पहिले तीन महिने त्याने विणलंच नाही. सुताच्या लडी सोडवायच्या आणि ते सूत छोट्या कांड्यांवर गुंडाळायचं, म्हणजे कांड्या भरायच्या, एवढंच काम. मला वाटायचं, यासाठी का फी भरतोय? एकदा लवकर पोचले तर तो रिकामी कांडी चक्रीवर लावून डाव्या हाताने सूत ढिलं-घट्ट करत होता, नजर सुतावर, जिभेचं टोक बाहेर. ताई शेजारीच उभ्या. सूत गुंतलं. त्याने त्यांच्याकडे बघितलं. ताईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तशाच थांबल्या. बराच वेळ गेला, मला राहवेना. पण त्याने गुंता शोधला, सोडवला आणि पुन्हा चक्री सुरू केली. मी भावाला चोवीस तास ओळखणारी बहीण, आणि एवढा वेळ मी त्याला कधीच दिला नव्हता.

मग माग आला. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे, धागा घट्ट बसवायला फणी ठोकायची, पायाखालची पावडी बदलायची, धोटा परत. तो पावडी बदलायला विसरायचा. ज्यांनी मागावर काम केलंय त्यांना माहीत असेल, पावडी न बदलता धोटा परत फेकला की आधी घातलेला धागाही निघून येतो, कापड पुढे सरकतच नाही. म्हणजे चूक मागच दाखवतो, माणसाने रागवायची गरजच पडत नाही. धाकट्याला आयुष्यभर माणसांनीच चुका सांगितल्या होत्या. मागाने सांगितलेली चूक त्याला लागली नाही. तो हसायचा आणि पुन्हा पावडी दाबायचा.

सातव्या-आठव्या महिन्यात मी बघायला गेले असताना त्याने विणलेल्या कापडावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, चुकलं. उसवतो." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून एका दमात आलेले हे सर्वांत जास्त शब्द. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

रंगही आता तोच ठरवतो. गडद निळ्याशेजारी केशरी. मी पांढरा सुचवला तर म्हणाला, "नको." हा 'नको' आधीच्या 'नको'सारखा नव्हता, या 'नको'त त्याचं मत होतं.

आता तो एकटा बसने जायला कसा शिकला, ते. नक्षी लक्षात राहावी म्हणून ताईंनी जाड पुठ्ठ्याची पट्टी दिली होती. तिच्यावर सहा निळे, दोन केशरी असे धागे गुंडाळलेले, आणि प्रत्येक ओळ झाली की कपड्याचा चिमटा एक घर खाली सरकवायचा. मी तशीच पट्टी बसच्या नऊ थांब्यांची केली: पेट्रोल पंप, मारुतीचं देऊळ, निळ्या गेटची शाळा अशी चित्रं. आधी मी त्याच्या शेजारी बसले, मग मागच्या सीटवर, मग बसमागून स्कूटरवर. पाच महिने लागले. एकदा रस्ता खोदल्यामुळे बस दुसरीकडून वळली आणि पट्टीवरची चित्रं खिडकीतून दिसेनात. तो उतरला, थांब्यावर बसला आणि फोनवरचं १ नंबरचं बटण दाबलं. मी धावतपळत पोचले तेव्हा शेंगदाणे खात बसला होता. मला म्हणाला, "मारुती नाही आला."

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या घरी, ओळखीत असे अनुभव आहेत का? आणि विक्रीचे पैसे कसे वाटले जातात? आमच्याकडे प्रत्येक वस्तूमागे वाटा मिळतो. त्याचा पहिला वाटा १८० रुपये होता, त्याची त्याने सगळ्यांना कुल्फी खिलवली.

शाडूची_आई

आडवा_धागा ताई, दप्तर लावून दाराशी उभं राहण्याचं वाचलं आणि पुढचं थोडा वेळ वाचवेना.

मी कोल्हापूरची. मुलगी २४ वर्षांची, स्वमग्न, बोलत नाही. नृत्याच्या वर्गात घातलं तर दुसऱ्याच दिवशी कानावर हात ठेवून बाहेर आली, आवाज सहन होत नाही तिला. चित्रकलेच्या वर्गात रंगांचा वास सहन झाला नाही. मग आमच्या मागच्या गल्लीतल्या कुंभारकाकांनी वाट काढली. ती त्यांच्या ओट्याशी जाऊन माती बघत उभी राहायची. काका म्हणाले, "बसू दे की वहिनी तिला, मातीला काय तरास न्हाय तिचा."

पहिल्या वर्षी नुसती शाडू मळली. माती किती ओली हवी हे तिच्या हाताला आता काकांच्या मुलापेक्षा चांगलं कळतं, असं काकाच सांगतात. दुसऱ्या वर्षी तिने आपणहून उंदीर केला. गणपतीपुढचा असतो ना, तो. काकांनी तो उचलून मूर्तीपुढे ठेवून बघितला आणि तसाच राहू दिला. गेल्या दोन वर्षांत त्यांच्याकडच्या सगळ्या छोट्या गणपतींचे उंदीर तिचे. प्रत्येकाचे कान थोडे मोठेच असतात. आता लोक येऊन "मोठ्या कानाचा उंदीर हाय का?" म्हणून विचारतात.

संस्था नाही, फी नाही, समुपदेशक नाही. एक माणूस आणि त्याचा ओटा. काका तिला मजुरी देतात, ती मी तिच्याच खात्यात भरते. स्वातंत्र्य म्हणाल तर एकच सांगते: सकाळी साडेनऊला ती स्वतः चप्पल घालून गल्ली ओलांडते. पूर्वी रस्त्याच्या कडेला पायच टाकायची नाही.

चाकांवरून

धागा आवडला, पण माझं थोडं वेगळं म्हणणं आहे.

मला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर वापरते, बोलणं अडखळतं आणि बुद्धी व्यवस्थित चालते. हे सांगावं लागतं, कारण बोलणं ऐकून लोक माझ्याशी लहान मुलासारखं बोलतात. मी टॅबलेटवर चित्रं काढते. कुठेही लावली की खाली 'प्रेरणादायी' लिहून येतं. चित्रातली उजेडाची बाजू चुकलीय हे कोणी सांगत नाही. मला ते सांगणारा माणूस हवाय! तुमच्या मागाने धाकट्याला जे दिलं ते मला माणसांकडून हवंय.

दुसरं, 'थेरपी' या शब्दाबद्दल. बाकीचे गाणं शिकतात तर तो छंद, आणि आम्ही शिकलो की ती थेरपी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं २९ वं कलम संस्कृती आणि मनोरंजनाबद्दलच आहे. अपंग कलावंतांना आणि लेखकांना सुविधा, पाठबळ, प्रायोजकत्व मिळावं असं त्यात स्पष्ट आहे. हक्क म्हणून आहे, उपचार म्हणून नव्हे. पण मागच्या वर्षी माझंच चित्र लागलेल्या एका दालनाला पाच पायऱ्या होत्या. दोघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. स्वतःच्या चित्रापाशी मी सामानासारखी पोचले. आयोजकांना पुढच्या वेळसाठी लिहून दिलंय की फळीचा का होईना, उतार करा.

पैशांबद्दल. तोंडाने आणि पायाने चित्रं काढणाऱ्या कलावंतांची एक जागतिक संघटना आहे. एरिक स्टेगमान या जर्मन चित्रकाराने ती १९५६ मध्ये उभी केली, पोलिओमुळे त्याचे हात निकामी झाले होते. तिचं भारतातलं काम मुंबईतून चालतं. नववर्षाची कार्डं, कॅलेंडरं विकून त्यातून कलावंतांना दरमहा मानधन मिळतं, शिकाऊ असले तरी शिष्यवृत्ती. त्यांचा बाणा 'दया नको' असाच आहे, आणि तो मला पटतो.

खाडीपलीकडे

मी कॅलिफोर्नियात असतो, ओकलंडपासून जवळ. तिथल्या 'क्रिएटिव्ह ग्रोथ' या कलाकेंद्रात दोन-तीनदा गेलोय. हा धागा वाचताना ते सारखं आठवत होतं.

एलायस आणि फ्लॉरेन्स कॅट्झ या दांपत्याने ते १९७४ मध्ये सुरू केलं, तेही स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये. त्या काळात कॅलिफोर्नियातल्या मोठमोठ्या सरकारी संस्थांमधून लोकांना बाहेर आणलं जात होतं. वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं समाजात आली खरी, पण दिवसभर करायचं काय? म्हणजे तुमच्या धाकट्याची रिकामी दुपार, फक्त हजारोंच्या संख्येने. आज तिथे मोठा स्टुडिओ आहे आणि त्याच इमारतीत चित्रदालनही. शिकवणारे स्वतः कलावंत असतात. ते साहित्य पुरवतात, तंत्र विचारलं तर सांगतात, पण कुणाच्या कामाला हात लावत नाहीत. विक्रीतला अर्धा वाटा कलावंताचा.

तिथली ज्युडिथ स्कॉट तुम्हाला सांगायलाच हवी. जन्म १९४३, डाउन सिंड्रोम. ऐकूही येत नव्हतं, पण ते कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही, उत्तर देत नाही म्हणून शिकण्याच्या लायकीची नाही असा शिक्का बसला. सात वर्षांची असताना तिला जुळ्या बहिणीपासून तोडून संस्थेत टाकलं. तिथे ३५ वर्षं गेली. मग त्याच बहिणीने, जॉयसने, पालकत्व घेऊन तिला कॅलिफोर्नियात आणलं आणि १९८७ मध्ये या केंद्रात घातलं. पहिली जवळजवळ दोन वर्षं ज्युडिथला चित्रकलेत काही रस वाटला नाही. नंतर धाग्यांचं काम करणाऱ्या एका कलावंत बाईंची कार्यशाळा झाली आणि तिने हाती लागेल ती वस्तू सुताने गुंडाळायला सुरुवात केली. काठ्या, पंखा, खुर्ची, अगदी खरेदीची ढकलगाडीसुद्धा. एकेका कामाला आठवडे, महिने. २००५ मध्ये ती गेली. नंतर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं.

मला सगळ्यात मोठी वाटतात ती पहिली दोन वर्षं. दोन वर्षं काहीच 'निष्पन्न' झालं नाही आणि तरीही कुणी तिला काढून टाकलं नाही. तुमच्या कांड्या भरण्याच्या तीन महिन्यांसारखंच.

बाई_विशेष_शाळेतल्या

मी बावीस वर्षं विशेष शिक्षिका आहे, त्यातली शेवटची दहा अठरा वर्षांवरच्यांच्या कार्यशाळेत. प्रदर्शनातल्या त्या सूर्यास्ताबद्दल वाचलं आणि झोप लागली नाही, कारण असे सूर्यास्त मीही काढलेत.

सबब सांगत नाही, कसं घडतं ते सांगते. ऑक्टोबर येतो, एखाद्या कंपनीची हजार पणत्यांची मागणी असते, सगळ्या एकसारख्या हव्यात. वीस मुलांतली चार जणं तशा करू शकतात. उरलेल्यांच्या पणत्या आम्ही घरी नेऊन रात्री पुसतो, पुन्हा रंगवतो. (मुलं म्हणतेय, पण पस्तीस-चाळीस वर्षांची आहेत. ही सवय मोडायला हवी.) दुसऱ्या दिवशी त्यांच्या ते लक्षात येतं. एक जण आपली पणती शोधत सगळी खोकी उघडून बसला होता. त्याने पिवळ्या ठिपक्यांची केली होती. ती मी लाल करून टाकली होती.

तेव्हापासून बदल केला. मागणी घेतानाच सांगतो की पणत्या एकसारख्या नसतील. काहींनी मागणी रद्द केली, बहुतेकांनी केली नाही. आणि मदतीचं म्हणाल तर ती मागे सरकत जायला हवी: आधी हाताला हात, मग फक्त कोपराला स्पर्श, मग नुसती खूण, मग एक शब्द, मग काही नाही. मधे थांबायचं, मनात वीस आकडे मोजायचे. शिकवण्यात मला सगळ्यात अवघड गेलेली गोष्ट हीच. तुमच्या ताईंनी हात पाठीमागे बांधले ना, त्या तालमीतल्या बाई आहेत.

गोदाकाठ

सगळं वाचून छान वाटलं, पण मी नांदेड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आहे. पुतण्या २७ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता. इथे ना केंद्र ना कार्यशाळा. आई-बाप शेतात जातात तेव्हा तो घरी कडी लावून. आम्ही काय करावं?

बाई_विशेष_शाळेतल्या

@गोदाकाठ दादा, आधी कागदपत्रं. त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? नसेल तर तिथून सुरुवात करा. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. त्याखाली 'निरामय' हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, तो घ्याच. दिवसभराच्या केंद्रांच्या आणि प्रौढांच्या निवासाच्याही योजना आहेत. जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. कायदेशीर पालकत्वाचा अर्ज तिथेच करायचा. अठरानंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे कितीतरी घरांना माहीत नसतं.

आणि केंद्राची वाट बघत बसू नका. कोल्हापूरच्या ताईंनी सांगितलं तसा गावातला एखादा ओटा शोधा. बुरूड, कुंभार, घोंगडी विणणारे, बँडवाले, भजनी मंडळ. पुतण्याला काय बघत उभं राहायला आवडतं, तेवढं आठवडाभर टिपून ठेवा.

गोदाकाठ

आठवडा कशाला, आत्ताच सांगतो. हलगी वाजली की तो कुठूनही पळत येतो. लग्नात वाजंत्र्यांच्या पुढ्यातून हलत नाही. आम्ही त्याला ओढून आणतो.

बाई_विशेष_शाळेतल्या

मग ओढून आणू नका!

तिसरी_घंटा

नाटकाचं राहिलं म्हणून लिहितो. स्वागत थोरातांनी अंध कलाकारांना घेऊन केलेलं 'अपूर्व मेघदूत' कुणी बघितलंय का? कालिदासाच्या मेघदूतावरचं. (थोरातांनीच १५ फेब्रुवारी २००८ रोजी 'स्पर्शज्ञान' हे मराठीतलं ब्रेल पाक्षिक सुरू केलं.)

आमच्या हौशी संस्थेने एका अंध मित्रमंडळासोबत एकांकिका बसवली तेव्हाची एक गोष्ट. रंगमंचाच्या पुढच्या कडेपासून दोन हातांवर आम्ही काथ्याची चटई अंथरली. अनवाणी पायाला काथ्या लागला की थांबायचं. पहिल्या तालमीला सगळे भिंतीला धरून चालत होते. दहाव्या तालमीला त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, "चटई जरा पुढे घ्या, मला पळत यायचंय." पोटात गोळा आला, पण घेतली. प्रयोगाला तो पळत आला आणि बरोबर काथ्यावर थांबला. पुढच्याच महिन्यात तो एकटा रेल्वेने पुण्याला मुलाखतीला गेला. नोकरी मिळाली नाही त्या वेळी, पण दुसऱ्या मुलाखतीलाही एकटाच गेला.

आडवा_धागा

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले.

@चाकांवरून, तुमचं अगदी खरं आहे. मीही लोकांना 'थेरपीला जातो' असंच सांगत होते, का कोण जाणे. आता 'विणायला जातो' म्हणते. तुमचं चित्र इथे लावा, उजेडाची बाजू बघतो आम्ही सगळे.

@बाई, तुमच्या पिवळ्या ठिपक्यांबद्दल वाचून मला त्या केंद्रातल्या बाईंची आठवण झाली. इतकी वर्षं मनात राग होता त्यांच्याबद्दल. त्याही कदाचित रात्री घरी नेऊनच रंगवत असतील. वीस आकडे मोजून बघितले काल. धाकटा शर्टाची बटणं लावत होता आणि मी नेहमीसारखी मदतीला धावले नाही. सतराव्या आकड्याला शेवटचं बटण लागलं. एक घर चुकलं होतं. त्याने खाली बघितलं, "उसवतो" म्हणाला आणि सगळी पुन्हा काढली.

@गोदाकाठ दादा, हलगीचं काय झालं ते नक्की कळवा.

कालच हा धागा धाकट्याला वाचून दाखवला. मेघदूत आणि कॅलिफोर्नियाच्या वेळी तो खिडकीबाहेर बघत होता. उंदरापाशी मला थांबवलं. "मोठे कान?" म्हणून दोनदा विचारलं.

शाडूची_आई

अगं, पाठवते की एक! भाजलेला नाही, कच्चा शाडू आहे, तेव्हा कापसात गुंडाळून पाठवते. लेकीने रात्रीच एक बाजूला काढून ठेवलाय, मी फक्त तुझ्या भावाचं सांगितलं होतं. बदल्यात तिला एक आसन विणून देईल का तो? काकांच्या ओट्यावर बसायला. पैसे देणार, फुकट नको.

आडवा_धागा

विचारलं. हो म्हणाला. निळा आणि केशरीच असेल, त्यात बदल होणार नाही म्हणतो. ओट्याची रुंदी तेवढी मोजून कळवा, पुठ्ठ्याची पट्टी आणि चिमटा घेऊन बसलाय.